साठ माणसांचं जेवण

कॉलेजात तिला सगळे ‘पाहुणी’ म्हणायचे. मूळ नाव ‘प्रमुख पाहुणी’, आणि ते ठेवलं होतं तिच्याच वर्गातल्या मैत्रिणीनं. आवारात कुठल्याही विभागात व्याख्यान असो, उद्घाटन असो, कुणाच्या पुस्तकाचं प्रकाशन असो, ही तिथं हजर. पुढे लोकांनी ‘प्रमुख’ गाळलं. रोजच्या वापराला एवढं लांब नाव कुणाला परवडतंय?

ती संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि दुपारचं जेवण कुठे मिळेल हे शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती म्हणायची, जेवण शोधायला नाक नाही, कान लागतात. रिकाम्या हॉलमधून टेबलं ओढल्याचा आवाज आला की खुशाल समजावं, अर्ध्या तासात तिथं पांढरी चादर पडणार. सूचनाफलक वाचण्याचीही तिची एक पद्धत होती. ‘चहापान’ लिहिलं असेल तर नुसता चहा, तोही कोमट. ‘अल्पोपाहार’ लिहिलं असेल तर बिस्किटं. आणि काहीच लिहिलेलं नसून वेळ साडेबाराची असेल, तर डोळे मिटून जावं, पोटभर मिळतं. कायद्याच्या विभागात पाहुणे बोलायचे फार आणि खायला मिळायचं कोरडं. व्यवस्थापनवाल्यांकडे चंगळ असायची, पण दारात नावाचा बिल्ला बघायचे. गणितवाल्यांकडे केक उत्तम. ते सगळे फळ्यापाशी उभे राहून वाद घालायचे आणि खायचं विसरून जायचे, त्यामुळे मागे उरायचाही भरपूर.

मात्र फुकट खायचं नाही, असा तिचा नियम होता. तो कुणी शिकवला नव्हता, लाजेतून आपोआप आला होता. जेवायचं तर व्याख्यान पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचं, वहीत लिहून घ्यायचं, आणि शेवटी निदान एक तरी प्रश्न विचारायचा. त्यामुळे झालं काय, की बोलणाऱ्यांना ती आवडायला लागली. “त्या मागच्या मुलीनं छान विचारलं,” असं म्हणत एकदोन प्राध्यापकांनी तर तिच्या ताटलीत स्वतःच्या हातानं जास्तीचं वाढलं होतं. तिच्या वहीत जुन्या मृत्युपत्रांपासून पुलांच्या सांध्यांपर्यंत वाट्टेल ते सापडायचं. सापडायचं नाही ते फक्त संख्याशास्त्र.

आता एवढा खटाटोप कशासाठी? तर ती मामाकडे राहायची. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात मामा, मामी, मामाच्या दोन लहान मुली आणि ही. मामा मालाची गाडी चालवायचा. चार महिन्यांपूर्वी एक खोकं उचलताना त्याच्या पाठीत अशी काही चमक भरली, की तेव्हापासून तो पाठ टेकून छताकडे बघत पडला होता. मामी एका शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करायची. घर आता तिच्या सुईवर चालायचं. सकाळी ओट्यावर चार डबे लागायचे: दोन पोरींचे, एक हिचा, एक मामीचा. एका सकाळी हिला घाई होती, चुकून मामीचा डबा उचलला गेला, आणि जिन्यात वजन हलकं लागलं म्हणून उघडून बघितला. आत कालच्या पावाचे दोन तुकडे. हिच्या डब्यात मात्र भात, भाजी, वर उकडलेलं अंडं.

ती परत वर आली, डबे बदलले, आणि संध्याकाळी जेवताना सहज सांगितल्यासारखं म्हणाली, “मामी, उद्यापासून माझा डबा नको. कॉलेजात दुपारचं जेवण सुरू झालंय.”

“फुकट?” मामीनं विचारलं.

“फुकट.”

हे धड खरंही नव्हतं आणि धड खोटंही. मामीचा चेहरा मात्र असा उजळला की हिला पुढे काही बोलवेना. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी मामी चार बायकांना सांगत होती, “आमच्या भाचीचं कॉलेज म्हणजे कॉलेज आहे हो. गरम जेवायला घालतात मुलांना.”

असे तीन महिने निभावले. मग परीक्षा जवळ आल्या आणि कार्यक्रम बंद पडले. अभ्यासाच्या दिवसांत कोण कुणाचं उद्घाटन करणार? सोमवारी ग्रंथालयात कुणाच्या तरी वाढदिवसाची दोन बिस्किटं मिळाली. मंगळवारी मैत्रिणीनं अर्धं सँडविच पुढे केलं, तर ही “आत्ताच खाल्लं गं” म्हणून मोकळी झाली आणि मग तासभर स्वतःला शिव्या देत बसली. बुधवारी नुसतं पाणी. गुरुवारी रसायनशास्त्राच्या इमारतीवरून जाताना तिला मागच्या दाराला चिकटवलेला एक कागद दिसला. हातानं लिहिलेला, एका कोपऱ्यात सुटलेला: ‘काचकाम विभागातील आपल्या सहकाऱ्यांचा निरोप समारंभ. छोटा हॉल. दुपारी साडेबारा.’ खाली खाण्याबद्दल एक अक्षर नाही.

तिनं घड्याळ बघितलं. बारा चाळीस.

हॉलमध्ये साठ खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर अकरा माणसं बसली होती. भिंतीशी लांबच लांब टेबल, त्यावर सँडविचचे ढीग, भाताचं मोठं भांडं, भाज्या, उकडलेली अंडी, फळं, दोन केक. साठ माणसांचं जेवण आणि अकरा खाणारी तोंडं. इतकं अन्न आणि इतकी शांतता तिनं एकत्र कधी बघितली नव्हती. एरवी गर्दीत कुणी ओळखत नाही, इथं लपायला जागाच नव्हती. ती परत फिरणार, तेवढ्यात भांडारातल्या जाड चष्म्याच्या बाईंनी तिच्या हातात ताटली ठेवली. “ये ये, घे बाई. कुणीतरी सुरुवात करायला हवी. सगळे संकोचून बसलेत.”

समोर पहिल्या रांगेत एक वाळकुडे गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, नव्या बुटांत अवघडलेले पाय. त्यांना सगळे काचकाका म्हणत होते. विभागाला लागणारी काचेची नळकांडी, चंबू, वळणावळणाच्या नळ्या हे सगळं गेली छत्तीस वर्षं हा माणूस ज्योतीवर धरून, तोंडानं फुंकून बनवत आला होता. शेजारी त्यांची बायको, मांडीवर पर्स घट्ट धरून. विभागप्रमुख परगावी परिषदेला गेले होते, म्हणून उपप्रमुख सर बोलायला उभे होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना दोन वर्षांपूर्वीच इथं आणलेलं, आणि हातातला कागद दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला.

“बत्तीस वर्षांच्या सेवेत...”

“छत्तीस,” काचकाकांची बायको हळूच म्हणाली.

“छत्तीस, क्षमा करा. छत्तीस वर्षांच्या सेवेत यांनी मोलाचं योगदान दिलं.” सरांनी कागद उलटा करून बघितला. मागे काही नव्हतं. “आता... विद्यार्थ्यांतर्फे कुणीतरी दोन शब्द बोलावेत.”

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. विद्यार्थी एकच होता, आणि त्याच्या म्हणजे तिच्या तोंडात अख्खं अंडं होतं.

ती उठली. घास कसाबसा गिळला, तो छातीत अडकला, भांडारवाल्या बाईंनी पाणी दिलं. तेवढ्या वेळात तिच्या मनात दहा वाक्यं येऊन गेली. ‘काकांनी मला चंबू दुरुस्त करून दिला.’ ‘काका सर्वांशी प्रेमानं वागायचे.’ यांतलं कुठलंही वाक्य म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या आणि सगळे जेवायला सुटले असते. पण समोर ती बाई पर्स धरून बसली होती, छत्तीसला बत्तीस म्हटलेलं ऐकून घेऊन. तिला अजून एक खोटं ऐकवायला हिची जीभ वळेना.

“मी काकांना ओळखत नाही,” ती म्हणाली. “मी या विभागातलीसुद्धा नाही. मी... मी जेवायला आले.”

उपप्रमुख सरांनी घसा खाकरला. ती घाईनं पुढे बोलली, कारण थांबली असती तर रडू फुटलं असतं.

“पण मी जिथं जेवते तिथं एक प्रश्न विचारते. तसं नाही केलं तर मला अन्न गोड लागत नाही. काका, मी मघापासून बघतेय. तुम्ही चहाचा कप धरला तो फिरवत होतात. मग पेन घेतलं, तेही फिरवत होतात. आत्ता ही गुलाबाची दांडीसुद्धा दोन्ही हातांनी फिरवताय, एकसारखी. ते का?”

काचकाकांनी हातातल्या फुलाकडे बघितलं. दांडी खरंच फिरत होती. ते थबकले. आणि त्यांच्या बायकोनं पर्स सोडून तोंडाला पदर लावला. रडतेय की काय असं सगळ्यांना वाटलं, पण ती हसत होती.

“विचारा, विचारा त्यांना!” ती म्हणाली. “घरात चमचा फिरवतात, कंगवा फिरवतात. नातू झाला तेव्हा दवाखान्यात नर्स ओरडली, आजोबा, बाळाला असं फिरवू नका!”

हॉल हसला. काचकाकाही हसले आणि उभे राहिले. निरोपाला उत्तर म्हणून त्यांनी खिशात चार ओळी लिहून आणल्या होत्या, तो कागद खिशातच राहिला.

“पोरी, काच थांबली की पडते,” ते म्हणाले. “ज्योतीत धरलेली नळी मधासारखी होते. हात थांबला की तिचं पोट खाली लोंबतं. म्हणून फिरवत राहायचं. आणि डावा हात उजव्यापेक्षा केसभर मागे राहिला तरी नळी पिळली जाते. पहिली दोन वर्षं माझ्या उस्तादानं मला फुंकू दिलं नाही. नुसतं फिरव म्हणाला. काठी फिरव, लाटणं फिरव, झोपेत फिरव.”

“मग फुंकायचं कधी?” कुणीतरी विचारलं. ते उपप्रमुख सर होते.

“ज्योतीबाहेर काढल्यावर. आत असताना फुंकलं तर फुगा फुटतो. आणि छातीनं नाही फुंकायचं, गालानं. गरम नळी तोंडात असताना श्वास तर आत ओढायचाच नाही.” त्यांनी फूल खुर्चीवर ठेवलं. “हे बोलून नाही कळायचं. चला, दाखवतो. ताटल्या बाहेर ठेवा मात्र. माझ्या खोलीत खाणं चालत नाही.”

मग ती सगळी वरात हॉलमधून निघाली. काचकाकांची खोली तळघराच्या कोपऱ्यात होती. भिंतीला जाडीप्रमाणे लावलेल्या नळ्या, मधोमध शेगडी, बाजूला पोलादी भट्टी. त्यांनी गुलाबी काचांचा चष्मा चढवला, तसलेच दोन चष्मे लोकांना दिले आणि आलटून पालटून वापरा म्हणाले. ज्योत पेटली, पिवळी झाली, प्राणवायू सोडल्यावर निळी झाली आणि फुत्कारायला लागली. तो आवाज ऐकून वरच्या प्रयोगशाळांतली मुलं जिन्यातून डोकावली. त्यांना निरोप समारंभ माहीत होता, पण अभ्यास होता, लाज वाटत होती, काय बोलायचं ठाऊक नव्हतं. बघता बघता दार भरून गेलं. काकांनी एक साधी नळी घेतली, फिरवली, ओढली, गाल फुगवून तीनदा हलकेच फुंकली, आणि पाच मिनिटांत चंबूच्या आत चंबू बसवून दाखवला. एक संशोधक मुलगी म्हणाली, “काका, माझं अख्खं उपकरण तुम्ही केलेलंय, आणि मला वाटायचं ते विकत आणलंय.”

दोन वाजता सगळे वर आले तेव्हा पन्नासेक माणसं असतील. भाताचं भांडं खरवडून निघालं.

काचकाकांच्या बायकोनं हिला खिडकीपाशी गाठलं. “अशी रोज जेवतेस?”

“कार्यक्रम असेल तेव्हा.”

“आणि नसेल तेव्हा?”

हिनं ताटलीतलं शेवटचं शीत बोटानं उचललं. काकूंनी आणखी काही विचारलं नाही. भांडारवाल्या बाईंकडून दोन मोठे डबे मागून घेतले, सँडविच, फळं आणि अर्धा केक भरला आणि डबे तिच्या पिशवीत कोंबले. “घरी कोण आहे ते आहे, त्यांना दे. डबे सोमवारी परत आण. आणि लाजू नकोस. आज तू आली नसतीस तर हे अन्न आणि हा माणूस, दोन्ही तसेच परत गेले असते.”

घरी केक बघून मामाच्या पोरींनी खोली डोक्यावर घेतली. मामीनं डबे उघडले, एक एक वस्तू बाहेर काढली. “आता घरीसुद्धा द्यायला लागले?”

दुपारी एकदा खरं बोलून झालं होतं, त्यामुळे जीभ मोकळी झाली होती. हिनं सगळं सांगून टाकलं. सूचनाफलक, व्याख्यानं, बुधवारचं पाणी, सगळं. मामी हातातलं सँडविच तसंच धरून ऐकत राहिली.

“म्हणजे,” शेवटी ती म्हणाली, “मी सगळ्या इमारतीला सांगत फिरले.”

“हो.”

“खालच्या मजल्यावरची बाई तिच्या मुलीला तुमच्याच कॉलेजात घालणार म्हणते. जेवण मिळतं म्हणून. उद्या फॉर्म आणायला जाणारे ती.”

पलंगावर मामाला हसू फुटलं आणि हसता हसता पाठीत कळ आली. “अगं आई गं,” म्हणत तो हसतही होता आणि विव्हळतही होता. मामी मात्र हसली नाही. ती हिच्या समोर येऊन बसली.

“तू माझ्या घरात राहून, माझ्यापासून लपून उपाशी राहिलीस. उद्या तुझ्या आईनं विचारलं तर मी काय तोंड दाखवू?”

“तुमच्या डब्यात कालचा पाव होता, मामी.”

“तू माझा डबा उघडलास?”

“चुकून.”

“चुकून म्हणे!” मामीचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. तिनं पदरानं नाक पुसलं. मग मामी उठली, फळीवरून हिचा जुना डबा काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि घासायला घेतला. “उद्यापासून दोघींच्या डब्यात एकच. अंडं असलं तर अर्धं-अर्धं, पाव असला तर पाव. आणि यापुढे मला फसवायचं असेल तर नीट फसव. सगळ्या जगाला कळतं आणि मलाच कळत नाही म्हणजे काय!”

“नीट फसवीन,” ही म्हणाली. तेव्हा कुठे मामी हसली.

सोमवारी ती डबे परत करायला गेली तर उपप्रमुख सर तिचीच वाट बघत होते. निरोप परीक्षांआधी उरकून घेतला होता, पण काचकाकांच्या नोकरीचे अजून बावीस दिवस होते. त्यांच्या जागी नवा माणूस येणार नव्हता. तशी जागाच आता ठेवायची नाही असं वरून ठरलं होतं, आणि त्यापुढे सरांचंही काही चालत नव्हतं. “निदान ते जे करतात ते लिहून तरी ठेवायला हवं,” सर म्हणाले. “आमच्या मुलांना प्रश्नच विचारता येत नाहीत, त्यांना सगळं माहीत असतं. तुम्हाला काहीच माहीत नाही, ते बरं आहे. विद्यार्थ्यांना तासावर काम द्यायची सोय आहे आपल्याकडे. कराल?”

तिनं केलं. सकाळी अभ्यास, दुपारी तळघर. काचकाका करायचे, ती विचारायची, लिहायची, आकृती काढायची, पुन्हा विचारायची. भूक लागली की दोघं खोलीबाहेर जिन्याच्या पायरीवर डबे उघडून बसायचे. तिच्या डब्यात कधी पाव असायचा, कधी भात. काकूंनी जास्तीचं दिलेलं ती आधी नको म्हणायची आणि मग घ्यायची. नको म्हटल्यावर काका चिडायचे.

बाविसाव्या दिवशी तिनं वही त्यांच्या हातात दिली. एकशे दहा पानं. काकांनी चष्मा पुसला, पायरीवर बसूनच वाचायला घेतलं, बोट ओळीखालून सरकवत. दुसऱ्याच पानावर बोट थांबलं.

“हे चुकलंय.”

“काय?”

“‘काच वितळते’ लिहिलंस. काच वितळत नाही. मऊ होते. वितळली म्हणजे गेली हातातून.”

तिनं पेन काढलं आणि खोडून लिहिलं.

“आणि हे बघ, इथंही,” काका म्हणाले आणि पान उलटून जरा सरकून बसले, तिला नीट दिसावं म्हणून.